त्र्यंबक क्षेत्र : सावकाश पाहावयाचें एक जुनें गांव

त्र्यंबक अथवा त्र्यंबकेश्वर हें गांव नाशिकच्या पश्चिमेस सुमारें २८ किलोमीटरांवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं वसलें आहे. २०११ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती बारा हजारांच्या आसपास भरली. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक येथें आहे आणि गोदावरीचा उगमही येथेंच मानतात. त्यामुळें एवढ्याशा गांवाचें नांव देशभर ठाऊक आहे. मात्र तेथें येणारा आजचा बहुतेक यात्रेकरू सकाळीं मोटारीनें येतो, कांहीं तास रांगेंत उभा राहतो, देवदर्शन घेतो आणि दुपारीं परत फिरतो. देवळाच्या मागें उभा असलेला किल्ला, डोंगराच्या कडेकडेनें गेलेली प्रदक्षिणेची वाट, तीर्थोपाध्यायांच्या घरांतील वह्या आणि वाटेवर टाकलेलें अंजनेरी यांपैकीं कांहींच त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत हें गांव कसें घडलें, त्याची मांडणी कोणत्या हिशेबानें झाली आणि तें नीट पाहण्यास किती सवड लागते, याचा थोडक्यांत विचार करावयाचा आहे. येथील सिंहस्थ जवळ आला असून त्यासाठीं रस्ते, घाट व इमारती यांचीं मोठीं कामें निघालीं आहेत; तेव्हां जें जुनें आहे त्याची ओळख वाचकांनीं आजच करून घ्यावी, हाही एक उद्देश आहे.

१. पाण्याची रचना

त्र्यंबकाचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. ब्रह्मगिरी सुमारें १,३०० मीटर उंच असून सह्याद्रीचें पाणी जेथें दोहों दिशांस वांटलें जातें त्या रेषेवर तो उभा आहे. अरबी समुद्र येथून पश्चिमेस अवघा ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. याच परिसरांतील डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस वळून त्या समुद्रास मिळते. गोदावरी मात्र पूर्वेचा रस्ता धरते व सुमारें १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास जाते. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या नद्या एकमेकींपासून इतक्या जवळ जन्मतात, हें डोंगरावर चढून भोंवतालचा मुलूख पाहिल्यावांचून मनांत ठसत नाहीं.

गोदावरी येथें तीन ठिकाणीं दर्शन देते असें सांगतात. पहिलें ठिकाण ब्रह्मगिरीच्या माथ्यावरील मूळ गंगा, दुसरें डोंगराच्या मध्यावरील गंगाद्वार व तिसरें गांवांतील कुशावर्त. ब्रह्मपुराणांतील गौतमीमाहात्म्य हा या क्षेत्राच्या माहात्म्याचा मुख्य आधार होय. गोहत्येच्या पातकांतून सुटण्यासाठीं गौतम ऋषींनीं शंकराची आराधना करून गंगा खालीं आणिली, ती पुनःपुन्हां गुप्त होऊं लागली, तेव्हां त्यांनीं कुश म्हणजे दर्भ फिरवून तिला अडविलें, म्हणून त्या स्थळास कुशावर्त हें नांव पडलें, अशी क्षेत्रांत सांगितली जाणारी कथा आहे. कथा श्रद्धेची असली तरी तिच्या पोटांत एक प्रत्यक्ष निरीक्षण आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. त्यांतील कांहीं थर भेगाळ व सच्छिद्र, तर कांहीं घट्ट असतात. माथ्यावर पडलेलें पावसाचें पाणी भेगाळ थरांतून खालीं मुरतें आणि घट्ट थर लागला कीं त्याच्या काठानें झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. यामुळें पाणी एके ठिकाणीं दिसतें, नाहींसें होतें व खालीं पुन्हां प्रकट होतें. नदी गुप्त होते असें ज्यांनीं म्हटलें त्यांनीं डोंगर बारकाईनें पाहिला होता, यांत संशय नाहीं.

कुशावर्ताचें सध्यांचें दगडी बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्याचें असून तें होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनीं करविलें असें सांगतात. चहूंबाजूंनीं पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्या आणि भोंवतीं नक्षीदार खांबांच्या ओवऱ्या अशी त्याची रचना आहे. ओवऱ्यांचा उपयोग केवळ शोभेसाठीं नव्हता. स्नान, संकल्प व श्राद्ध हीं कृत्यें वेळ घेणारीं. पावसांत आणि उन्हांत तीं करणाऱ्यांस सांवली हवी, म्हणून त्या बांधल्या. याशिवाय गंगासागर, गौतमतीर्थ, इंद्रतीर्थ, बिल्वतीर्थ अशीं जलस्थानें गांवांत व गांवाच्या कडेनें आहेत आणि देवळाच्या आवारांत अमृतकुंड आहे. पावसाळ्यांत ज्या डोंगरावरून धो धो पाणी वाहतें त्याच्याच पायथ्याशीं चैत्र-वैशाखांत पाण्याची ओढ लागते, हें ओळखून जुन्या लोकांनीं ठिकठिकाणीं पाणी अडवून ठेविलें होतें. तीं कुंडें धर्मकृत्यांचीं स्थळें होतीं, तशींच गांवाच्या पाण्याच्या बेगमीचा एक भागही होतीं.

२. किल्ला आणि मेटें

गांवावर जो काळा कडा उभा आहे तोच त्र्यंबकचा किल्ला. नाशिकच्या पठारावरून कोंकणांत उतरणाऱ्या वाटांवर येथून नजर ठेवतां येते; जव्हार-मोखाड्याकडील वाट तर आजही त्र्यंबकावरूनच जाते. या कारणास्तव प्रत्येक सत्तेस हा किल्ला आपल्या हातीं असावा असें वाटत आलें. निजामशाहीच्या अखेरीस शहाजीराजे भोसले यांच्या ताब्यांत जे किल्ले होते त्यांत त्र्यंबक होता व १६३६ च्या तहान्वयें तो मोगलांस द्यावा लागला. १६७० च्या सुमारास मोरोपंत पिंगळे यांनीं तो शिवछत्रपतींसाठीं जिंकून घेतला. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या अगदीं अखेरीस, १६८९ सालीं, तो मातबरखानाच्या हस्तें पुन्हां मोगलांकडे गेला. पुढें निजामाच्या अमलांतून तो १७५१-५२ च्या सुमारास पेशव्यांच्या बाजूच्या लोकांनीं घेतला आणि सलाबतजंगाशीं झालेल्या तंट्यांत त्र्यंबक परत द्यावा ही एक मागणी होती. शेवटीं एप्रिल १८१८ मध्यें कर्नल मॅक्डौवेलच्या फौजेपुढें किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्या पाठोपाठ आसपासचे अनेक किल्ले फारसा प्रतिकार न होतां पडले.

एवढ्या घडामोडी पाहिलेला किल्ला असूनही फार थोडे यात्रेकरू त्यावर जातात. जे जातात त्यांपैकींही बरेचसे मूळ गंगेचें दर्शन घेऊन परततात. कातळांत खोदलेला जिना, दोन्ही अंगांस उभ्या केलेल्या कड्याच्या भिंती आणि पुढील सुळक्यावर असलेलें दुर्गभांडार हें मात्र आवर्जून पाहण्यासारखें आहे. मुख्य डोंगर व हा सुळका यांस जोडणारी अरुंद खडकाची पाळ ओलांडून पलीकडे जावें लागतें. त्यामुळें मूठभर शिबंदी मोठ्या फौजेस किती काळ अडवूं शकेल, याची कल्पना पुस्तकापेक्षां येथें चांगली येते. पावसांत ही वाट धोक्याची असते, हें सांगून ठेविलें पाहिजे.

किल्ल्याच्या कमरेला ज्या वस्त्या आहेत त्यांच्या नांवांकडे संशोधकांनीं लक्ष द्यावें. मेटघर किल्ला, सुपलीची मेट अशीं तीं नांवें आहेत. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यांतील पहाऱ्याची चौकी. पहारा करणारीं घराणीं त्या चौक्यांजवळच राहत. किल्ल्याचें लष्करी महत्त्व संपलें, तरी वस्ती राहिली आणि नांवही राहिलें. आज तेथें मुख्यत्वें डोंगरी जमातींचे लोक राहतात. गोदावरीच्या अगदीं उगमाशीं राहणाऱ्या या लोकांच्या बायकांस उन्हाळ्यांत पाण्यासाठीं डोंगर उतरावा व चढावा लागतो, हें वृत्त वर्तमानपत्रांतून वेळोवेळीं आलें आहे. २०२१ सालीं ब्रह्मगिरीच्या उतारावरील खोदकामाविरुद्ध ओरड झाली, तिचेंही कारण हेंच होतें. डोंगराचा उतार फोडला तर कडे सैल होतात आणि ज्या थरांतून झरे फुटतात त्यांची वाट मोडते. मग खालीं कुंडांस कितीही दगड बसविले तरी त्यांत येणारें पाणी कमीच होणार.

३. देऊळ व त्याचा काळ

त्र्यंबकेश्वराचें विद्यमान देऊळ बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांनीं जुन्या लहान देवळाच्या जागीं बांधविण्यास घेतलें. कामास १७५५ सालीं आरंभ झाला व १७८६ सालीं तें पुरें झालें, असें सामान्यतः सांगतात. खर्चाचा आंकडा परंपरेनें सोळा लक्ष रुपये दिला जातो. किल्ला मराठ्यांकडे आल्यानंतर थोड्याच वर्षांत काम सुरू झालें, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. देऊळ सुरू करणारे नानासाहेब पानिपताच्या वर्षीं, म्हणजे १७६१ सालीं वारले. थोरले माधवराव व नारायणराव यांच्या कारकीर्दी होऊन गेल्या, बारभाईंचें राजकारण घडलें, इंग्रजांशीं पहिलें युद्ध झालें आणि सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत कळस चढला. राज्यावर इतकीं संकटें येऊन गेलीं तरी काम बंद पडलें नाहीं, यावरून पेशवाईंत या क्षेत्राचें महत्त्व किती मानीत असत तें दिसतें.

हें देऊळ हेमाडपंती आहे असें वाटाड्ये व कांहीं पुस्तकें सर्रास सांगतात. तें बरोबर नाहीं. हेमाडपंती हा शब्द यादवकालीन, विशेषतः चुन्यावांचून दगडांत दगड बसवून उभारलेल्या देवळांस लावण्याची रूढी आहे. त्र्यंबकेश्वराचें देऊळ त्यानंतर पांच शतकांनीं झालें. काळ्या दगडांतील उंच शिखर, त्यावर एकावर एक चढत गेलेलीं लहान शिखरें, पुढें सभामंडप, समोर स्वतंत्र नंदीमंडप आणि भोंवतीं भक्कम तट अशी त्याची मांडणी आहे. जुन्या नागर शैलीचें अठराव्या शतकांतील मराठी कारागिरांनीं केलेलें पुनरुज्जीवन म्हणून त्याकडे पाहावें. मग त्याचें खरें मोल कळतें. गाभाऱ्यांत उंच लिंग नाहीं. शाळुंकेच्या मध्यभागीं खळगा असून त्यांत ब्रह्मा, विष्णु व महेश यांचीं अंगठ्याएवढीं तीन लिंगें आहेत. देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालीं आहे. दर सोमवारीं देवाचा मुखवटा पालखींतून कुशावर्तावर नेतात. कार्तिकी पौर्णिमेस रथ निघतो.

देवस्थानाच्या संपत्तींतील एका वस्तूचा मागोवा येथें देणें योग्य होईल. ‘नाशिकचा हिरा’ या नांवानें जगांत प्रसिद्ध असलेला मोठा हिरा त्र्यंबकेश्वराचा होता असें सांगतात. १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर तो इंग्रजांच्या हातीं पडला व लंडनच्या बाजारांत गेला. तेथें रंडेल व ब्रिज या सराफांनीं त्याचे पैलू नव्यानें पाडविले, तेव्हां त्याचें वजन सुमारें ८० कॅरट राहिलें. पुढें तो अमेरिकेंत गेला व १९४० सालीं हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानें पुन्हां घडवून तो सुमारें ४३ कॅरटांवर आणिला. मूळ घडणीवरून त्याच्या प्राचीनत्वाचा जो कांहीं बोध झाला असता तो या दोन वेळच्या कापणींत कायमचा गेला.

४. यात्रेचा क्रम आणि गांवाची मांडणी

त्र्यंबकास वारकरी संप्रदायांतही मोठें स्थान आहे. ज्ञानेश्वर महाराजांचे वडील बंधु व गुरु निवृत्तिनाथ यांची समाधि येथें ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं आहे. ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ मध्यें, म्हणजे इ. स. १२९६ सालीं, आळंदीस समाधि घेतली. निवृत्तिनाथ त्यानंतरच्या वर्षीं येथें समाधिस्थ झाले. गहिनीनाथांकडून त्यांस उपदेश याच डोंगरांतील गुहेंत मिळाला अशी परंपरा आहे. पौष वद्य एकादशीस मोठी यात्रा भरते आणि तिला दूरदूरच्या गांवांहून दिंड्या पायीं येतात. ज्येष्ठांत निवृत्तिनाथांची पालखी येथून निघून पायीं पंढरपुरास जाते. श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस लाखों लोक लोटतात. ही वाट सुमारें वीस किलोमीटरांची असून याहून लांबची फेरीही कित्येकजण करतात.

या सर्वांत समान असलेली गोष्ट म्हणजे चाल. हें गांव पायीं आलेल्या माणसासाठीं घडलें. जुना यात्रेकरू कित्येक दिवसांची मजल करून येई, उपाध्यायाच्या वाड्यांत किंवा धर्मशाळेंत उतरे, कुशावर्तांत स्नान करी, क्षौर व श्राद्ध करी, देवदर्शन घेई, गंगाद्वार चढे, जमल्यास प्रदक्षिणा घाली आणि मग परते. तीर्थीं निदान तीन रात्रीं राहावें, असा शास्त्राचा व शिष्टाचाराचा संकेत होता. अरुंद गल्ल्या, दुमजली लांकडी वाडे, पुढें ओटी व मागें चौक, खालीं उपाध्यायाचें कुटुंब व वर यात्रेकरूंच्या खोल्या ही घरांची ठेवण त्या मुक्कामांतूनच निघाली. गंगाद्वाराच्या सुमारें सातशें पायऱ्या व ब्रह्मगिरीवरील दगडी वाट याही दात्यांनीं पायीं चढणाऱ्यांसाठींच बांधविल्या. ब्रह्मगिरीच्या वाटेचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं कराचीच्या एका व्यापाऱ्याच्या दानांतून झालें. कोंकणस्थ पेशव्याचें देऊळ, माळव्यांतील सरदाराच्या फडणिसाचें कुंड आणि सिंधमधील शेटजींच्या पायऱ्या, असा दूरदूरच्या प्रांतांचा पैसा या एका गांवांत मुरलेला आहे.

५. तीर्थोपाध्यायांच्या वह्या

या मुक्कामाचें सर्वांत मोलाचें फळ म्हणजे वह्या. यात्रेकरू आला कीं उपाध्ये त्याचें आडनांव, मूळ गांव व जात विचारतात. प्रांत, गांवें व घराणीं यांची वांटणी उपाध्यायांच्या घराण्यांत परंपरेनें ठरलेली असते, त्यामुळें कोणाचा यजमान कोण हें लगेच कळतें. मग जुनी वही उघडून पूर्वी आलेल्या पूर्वजांचे लेख दाखविले जातात आणि नव्या यात्रेकरूचा लेख लिहून घेतात. त्यांत तो, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलगे, तिथि व सही असा मजकूर असतो. जुने लेख बहुधा मोडींत आहेत. वहीवरील हक्क हा मिळकतीसारखा वारशानें जातो. भाऊबंदांत वांटणी झाली तर वह्याही वांटल्या जातात.

इतिहाससंशोधनास या लेखांचा उपयोग तीन प्रकारें होतो. पहिला, घराण्यांच्या वंशावळी. दुसरा, अमुक पुरुष अमुक तिथीस त्र्यंबकास होता याचा पुरावा. बखरींतील व कागदपत्रांतील तारखा ताडून पाहण्यास तो कामीं येतो. तिसरा, स्थलांतर. मूळ गांव, पुढील मुक्काम व नवें आडनांव हीं एकाच लेखांत सांपडत असल्यामुळें देशावरील घराणीं गुजराथेंत, माळव्यांत, नागपुराकडे व तंजावरास कशीं पसरलीं याचा धागा लागतो. मात्र सावधगिरी हवी. जीर्ण वहीची नक्कल करून ठेवण्याची चाल असल्यामुळें अक्षर नवें व मजकूर जुना असें पुष्कळदां होतें. तेव्हां लेख मुळांतला कीं नकलेंतला हें कागद, शाई व वळण पाहून आधीं ठरवावें. वंशावळीचा वरचा भाग कित्येकदां सांगणाऱ्याच्या स्मरणावरून लिहिलेला असतो, हेंही विसरूं नये.

वह्यांस धोका दोन गोष्टींचा आहे. एक, ओल व कसर. घाटमाथ्याच्या पावसांत कागद टिकविणें कठीण. दुसरा, घाई. दोन तासांत परतणारा यात्रेकरू वहींत नांव घालण्यास थांबत नाहीं, उपाध्यायांच्या नव्या पिढीस मोडी येत नाहीं आणि लेखांची परंपरा आपोआप खुंटते. हरिद्वार व इतर क्षेत्रांतील अशा वह्यांचीं सूक्ष्मचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी संस्थेनें १९७७ नंतर घेतलीं. त्र्यंबकच्या वह्यांसाठीं असें काम आपल्याकडील संस्थांनीं, उपाध्यायांचा हक्क व त्यांची संमति सांभाळून, हातीं घ्यावें.

६. वाटेवरचें अंजनेरी

नाशिकहून येतांना डावीकडे अंजनेरीचा डोंगर लागतो. सुमारें १,३०० मीटर उंचीचा हा डोंगर हनुमंताचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पायथ्याचें गांव अधिक महत्त्वाचें आहे. तेथें सांपडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांत कलचुरि संवत् ४६१, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमाराचा उल्लेख आहे. ते वा. वि. मिराशी यांनीं संपादिले. त्यांत देवस्थानास दिलेल्या दानाबरोबर व्यापाऱ्यांस दिलेल्या सवलतींचाही निर्देश येतो. गांवांत मोडकळीस आलेल्या हिंदु व जैन देवळांचा एक समूह आहे. त्यांपैकीं एका जैन देवळांत शके १०६३ चा शिलालेख असून सेउणचंद्र या यादव राजाच्या काळीं चंद्रप्रभ तीर्थंकराच्या देवळास दुकानें दान दिल्याचें तो सांगतो. दुकानें दान देतां येतात तेथें बाजारपेठ असली पाहिजे. म्हणजे त्र्यंबकचें देऊळ उभें राहण्याच्या सहाशें वर्षें आधीं या वाटेवर एक भरभराटीचें गांव होतें. नाणकशास्त्राच्या अभ्यासाची एक संस्था १९८० सालीं अंजनेरीस स्थापन झाली, तीही जिज्ञासूंनीं पाहावी. डोंगरावर आढळणाऱ्या कंदीलपुष्पाच्या एका जातीस २००६ सालीं या डोंगराचेंच नांव शास्त्रांत मिळालें. हें सर्व मुख्य रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर आहे आणि मोटारी त्यावरून न थांबतां जातात.

७. इतर देशांतील अनुभव

जुन्या लहान गांवांस गर्दीचा त्रास केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. ऑस्ट्रियांतील हालस्टाट या मिठाच्या खाणींच्या प्राचीन गांवांत आठशेंहून कमी लोक राहतात व हंगामांत एका दिवसांत कित्येक हजार प्रवासी येऊन जातात. १९९७ सालीं तो प्रदेश जागतिक वारशांत आला; २०२३ सालीं रहिवाशांनींच गर्दीविरुद्ध निदर्शनें केलीं. त्यांची तक्रार प्रवाशांविरुद्ध नसून तासाभरांत छायाचित्रें काढून परतणाऱ्या बसगाड्यांविरुद्ध होती. लाओस देशांतील लुआंग प्राबांग हें विहारांचें गांव १९९५ सालीं वारशाच्या यादींत गेलें. तेथें पहाटे भिक्षेस निघणाऱ्या भिक्षूंभोंवतीं प्रवाशांची अशी दाटी होऊं लागली कीं, दूर उभे राहावें अशा सूचना द्याव्या लागल्या. इटलींत १९९९ सालीं पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गांवांनीं एक संघ काढला. वाहनें गांवाबाहेर ठेवणें, स्थानिक कारागिरी व खाद्यपदार्थ जपणें आणि पाहुण्यास मुक्कामी राहण्यास प्रवृत्त करणें हीं त्याचीं कांहीं सूत्रें आहेत. युरोपास हें नव्यानें ठरवावें लागलें. आपल्या तीर्थयात्रेच्या जुन्या रीतींत तें मूळचेंच होतें.

८. सिंहस्थ आणि पुढील काम

गुरु सिंह राशीस आला म्हणजे सुमारें बारा वर्षांनीं येथें सिंहस्थ भरतो. मागील सिंहस्थ १९९१, २००३ व २०१५ सालीं झाले. जाहीर कार्यक्रमाप्रमाणें पुढील सिंहस्थाचें ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजीं असून मुख्य स्नानें २०२७ च्या पावसाळ्यांत आहेत. शैव, उदासीन व निर्मल असे दहा आखाडे त्र्यंबकास कुशावर्तांत स्नान करतात आणि वैष्णवांचे तीन आखाडे नाशिकच्या रामकुंडांत. स्नानाच्या मानावरून पूर्वी शैव व वैष्णव साधूंत रक्तपात झाले, म्हणून ही विभागणी पेशवाईच्या काळापासून चालत आली असें सांगतात. म्हणजे गर्दीचा बंदोबस्त हा प्रश्न येथें जुनाच आहे आणि तो स्थळें वांटून सोडविण्याची युक्तीही जुनी आहे. २००३ सालीं नाशिकच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरींत ३९ माणसें दगावलीं. तेव्हां रस्ते मोकळे असावेत, ही मागणी निरर्थक म्हणतां येणार नाहीं.

प्रश्न आहे तो रुंदीकरण कोणत्या किंमतीस करावयाचें हा. पूर्वीच्या सुधारणांत गांवांतून वाहणाऱ्या गोदावरीवर काँक्रीटचें छत घालून तिला झांकून टाकिलें. ज्या नदीसाठीं लोक येतात ती नदीच गांवांत कित्येक ठिकाणीं दिसेनाशी झाली. वाडे पडले तर त्यांच्याबरोबर माळ्यावरच्या वह्या, भिंतींतील लेख व उंबऱ्याखालचे कोरीव दगडही जातात. म्हणून कामास हात लावण्यापूर्वीं तीन गोष्टी व्हाव्यात. गांवांतील सर्व वाडे, धर्मशाळा, कुंडें व घाट यांची मोजमापांसह नोंद व्हावी. भिंतींत व पायऱ्यांत बसविलेल्या लेखांचे ठसे घ्यावेत. आणि निघालेले कोरीव दगड फेंकून न देतां एके ठिकाणीं ठेवावेत. या कामास मोठा खर्च लागत नाहीं. चार-पांच अभ्यासक व स्थानिक शिक्षक मिळून तें एका हिंवाळ्यांत होण्यासारखें आहे.

ज्या वाचकांस गांव पाहण्यासाठींच जावयाचें असेल त्यांनीं श्रावणी सोमवार व सुट्ट्यांचे दिवस टाळून कार्तिक ते माघ या काळांत, पौषांतील यात्रेचे दिवस सोडून, तीन दिवस काढावेत. पहिल्या दिवशीं पहांटे कुशावर्त, मग देवळाचा बाहेरचा भाग उन्हें चढण्यापूर्वीं व दुपारीं गांवांतील गल्ल्या पाहाव्यात. आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण हें विचारून वही पाहावी, पूर्वजांचे लेख उतरून घ्यावेत व आपलाही लेख घालावा. दुसरा दिवस गंगाद्वार, ब्रह्मगिरी व दुर्गभांडार यांस लागतो; वर पाणी व खाणें सोबत न्यावें आणि मेटांतील मंडळींपैकीं कोणी वाटाड्या घ्यावा, म्हणजे वाटही सांपडते व त्या लोकांस चार पैसेही मिळतात. तिसरा दिवस अंजनेरीस द्यावा. अशा प्रवासांत कोणास जुना लेख, नाणें किंवा कागद आढळल्यास त्यानें तो जागेवरून न हलवितां त्याचें छायाचित्र व नेमकें ठिकाण जवळच्या संशोधन संस्थेस कळवावें. त्र्यंबकासंबंधीं अजून प्रसिद्ध न झालेली साधनें लोकांच्या घरांतच आहेत आणि तीं उजेडांत येण्याचा हाच मार्ग आहे.